काच, धातुमळी आणि काँक्रीट : भिलाईचा धडा

घरे, रस्ते, पूल, शाळा, पाण्याच्या टाक्या यांपैकी कोणतेही विकासकाम हाती घेतले, तरी त्याच्या मुळाशी काँक्रीट असते. काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी. यातील वाळू नदीच्या पात्रातून येते, खडी डोंगर फोडून मिळते आणि सिमेंटसाठी चुनखडीच्या खाणी खोदाव्या लागतात. दुसऱ्या बाजूला प्रत्येक शहराच्या वेशीवर कचऱ्याचे ढीग वाढत आहेत. या ढिगांतील काच हा सर्वांत चिवट घटक होय. ती कुजत नाही, गंजत नाही, जळत नाही. अन्नाचा कचरा काही आठवड्यांत मातीत मिसळतो. फुटलेली बाटली मात्र पिढ्यानपिढ्या तशीच राहते आणि कचरा वेचणाऱ्यांच्या हातापायांना जखमा करीत राहते.

ही काच दळून किंवा फोडून काँक्रीटमध्ये वापरता येईल काय? वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. काच वाळूपासूनच बनते. मग तिने वाळूची जागा का घेऊ नये? प्रत्यक्षात हा प्रश्न तितका सोपा नाही. चुकीच्या आकाराची काच चुकीच्या काँक्रीटमध्ये पडली, तर काही वर्षांनी बांधकामाला तडे जाऊ शकतात. याउलट योग्य रीतीने वापरलेली काच सिमेंटची बचत करते आणि काँक्रीट अधिक घट्ट बनवते. या दोहोंमधील फरक समजून घेण्यासाठी छत्तीसगडमधील भिलाईचे उदाहरण उपयुक्त ठरते. कारण एका वेगळ्या प्रकारच्या काचेला तेथील उद्योगाने दीर्घकाळापूर्वीच सिमेंटमध्ये मानाचे स्थान दिले आहे.

भट्टीतून वाहणारा दगड

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव ही स्थानके मागे टाकून दुर्गला पोहोचते आणि पाठोपाठ भिलाई येते. फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. दल्ली-राजहराचे लोहखनिज, नंदिनीची चुनखडी आणि हिर्रीचा डोलोमाइट ही या कारखान्याची परिसरातील शिदोरी होय.

झोतभट्टीत लोहखनिज, कोक आणि चुनखडी एकत्र तापवली जातात. खनिजातील लोह वितळून तळाशी जमते. खनिजात आणि कोकच्या राखेत असलेली सिलिका व अ‍ॅल्युमिना ही अशुद्धे चुन्याशी संयोग पावतात आणि लोहाच्या रसावर तरंगू लागतात. हा तरंगणारा थर म्हणजे धातुमळी अर्थात स्लॅग. भारतीय झोतभट्ट्यांत एक टन लोहरसामागे साधारणतः साडेतीनशे ते चारशे किलो धातुमळी निघते. म्हणजे लोखंडाचा कारखाना हा त्याच वेळी कृत्रिम दगडाचाही कारखाना असतो. या दगडाचे काय करायचे, हा प्रश्न जगातील प्रत्येक पोलाद केंद्रापुढे होता.

थंड करण्याच्या वेगात दडलेले रहस्य

सुमारे १५०० अंश सेल्सिअस तापमानाची धातुमळी मोकळ्या जागेत ओतून सावकाश थंड होऊ दिली, तर तिच्यातील रेणूंना शिस्तीने रांगा लावण्यास वेळ मिळतो. ती स्फटिकमय, कठीण आणि दगडासारखी बनते. रस्त्याच्या भरावासाठी किंवा खडी म्हणून ती चालते. परंतु तिच्यात सिमेंटचा गुण जवळजवळ नसतो. तीच धातुमळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली क्षणार्धात थंड केली, तर रेणूंना रांगा लावण्यास अवधीच मिळत नाही. ते अस्ताव्यस्त अवस्थेत गोठतात आणि वाळूसारखे दाणे तयार होतात. पदार्थविज्ञानाच्या भाषेत अशा अस्ताव्यस्त गोठलेल्या पदार्थाला काच म्हणतात. दाणेदार धातुमळी ही खऱ्या अर्थाने काचच आहे. सिमेंटसाठी वापरायच्या दाणेदार धातुमळीविषयीचे भारतीय मानक आय.एस. १२०८९ हे १९८७ चे आहे. त्यात धातुमळीतील काचेचे प्रमाण किमान ८५ टक्के असावे, अशी अट घालण्यात आली आहे.

काचेच्या या अस्थिर रचनेतच तिची ताकद असते. बारीक दळलेली धातुमळी सिमेंटमधील चुन्याच्या सान्निध्यात पाण्याशी संयोग पावते आणि सिमेंटसारखीच घट्ट होते. हा गुण जर्मनीत एमिल लांगेन यांनी १८६२ मध्ये दाखवून दिला होता. भारतात पोर्टलँड स्लॅग सिमेंटचे मानक आय.एस. ४५५ प्रथम १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे भिलाईची पहिली झोतभट्टी पेटण्यापूर्वीच तिच्या धातुमळीच्या उपयोगाचा नियम कागदावर तयार होता. १९६५ मध्ये भिलाईजवळील जामुल येथे ए.सी.सी. कंपनीचा सिमेंट कारखाना सुरू झाला आणि पोलाद कारखान्याची धातुमळी तेथे सिमेंटमध्ये दळली जाऊ लागली. पुढे ‘सेल’ आणि जयप्रकाश समूह यांच्या संयुक्त कंपनीने मध्य प्रदेशातील सतना येथील क्लिंकर आणि भिलाईची धातुमळी एकत्र दळण्याचा प्रकल्प भिलाईत उभारला.

या इतिहासातून चार गोष्टी स्पष्ट होतात. टाकाऊ पदार्थाचे उपयुक्त पदार्थात रूपांतर आपोआप होत नाही. त्यासाठी योग्य प्रक्रिया हवी, पुरेसा बारीकपणा हवा, सर्वमान्य मानक हवे आणि जवळच घेणारा ग्राहक हवा. भिलाईच्या धातुमळीला हे चारही घटक लाभले. बाटलीच्या काचेला यांपैकी किती लाभले आहेत, हे आता पाहू.

बाटलीची काच वेगळी का?

धातुमळी आणि बाटली या दोन्ही काचा असल्या, तरी त्यांच्या घटकांत महत्त्वाचा भेद आहे. धातुमळीत चुना आणि सिलिका साधारणतः एकतृतीयांशाच्या आसपास असतात, शिवाय अ‍ॅल्युमिना व मॅग्नेशिया असतात. सोडियमसारखे अल्कली घटक अगदी अल्प असतात. बाटल्या आणि खिडक्यांची काच मात्र सोडा-चुना काच या जातीची असते. तिच्यात सिलिका ७० टक्क्यांहून अधिक, सोडा सुमारे १२ ते १४ टक्के आणि चुना १० टक्क्यांच्या आसपास असतो. सिलिकेचा वितळणबिंदू खाली आणण्यासाठी काच कारखानदार जो सोडा घालतो, तोच पुढे काँक्रीटमध्ये अडचणीचा ठरतो.

काँक्रीटमध्ये काच तीन भूमिका बजावू शकते. पहिली भूमिका खडीची. मोठे तुकडे खडीऐवजी वापरता येतात. परंतु काचेचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने सिमेंटची पकड कमी होते आणि मजबुती घटते. दुसरी भूमिका वाळूची. काचेची घनता वाळूच्या जवळपास असते आणि ती पाणी शोषत नाही, हे तिचे फायदे होत. तिसरी भूमिका सिमेंटचा काही भाग बदलणाऱ्या भुकटीची. या तीन भूमिकांत तुकड्याचा आकार बदलतो आणि आकाराबरोबर काचेचे वर्तनही बदलते. या विषयाचे मर्म येथेच आहे.

तडे कसे जातात?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील अभियंते थॉमस स्टँटन यांनी १९४० मध्ये काँक्रीटच्या एका गूढ आजाराचे निदान केले. सिमेंटमधील अल्कली आणि खडीतील क्रियाशील सिलिका यांच्यात संथ अभिक्रिया होते. त्यातून जेलीसारखा चिकट पदार्थ तयार होतो. तो पाणी शोषून फुगतो आणि आतून रेटा देऊन काँक्रीटला तडे पाडतो. याला अल्कली-सिलिका अभिक्रिया म्हणतात. तिला तीन गोष्टी लागतात : अल्कली, क्रियाशील सिलिका आणि ओलावा. यांपैकी एक जरी काढून घेतली, तरी अभिक्रिया थांबते.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. भिलाईजवळून वाहणारी शिवनाथ नदी महानदीला मिळते आणि महानदीवर ओडिशात हिराकूड धरण आहे. १९५७ मध्ये उद्‌घाटन झालेल्या या धरणाच्या सांडव्याच्या काँक्रीटमध्ये पुढे तडे आढळले आणि तपासात अल्कली-सिलिका अभिक्रियेचा संबंध पुढे आला. उत्तर प्रदेशातील रिहांद धरणाच्या वीजगृहातही याच अभिक्रियेमुळे काँक्रीट फुगून अडचणी निर्माण झाल्या. तेथे नैसर्गिक खडीच वापरलेली होती, काच नव्हे. दोष खडीतील क्रियाशील क्वार्ट्झचा होता. काचेतील सिलिका तर त्याहून कितीतरी अधिक क्रियाशील असते आणि सोड्याच्या रूपाने अल्कलीही ती स्वतःबरोबर आणते. म्हणून काच फोडून वाळूच्या ढिगात मिसळणे आणि बांधकाम सुरू करणे, हा मार्ग सर्वथा टाळला पाहिजे. आजार दिसायला वर्षे लागतात. तोवर घरात कुटुंब राहायला आलेले असते.

बारीक दळल्याने काय घडते?

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. ख्रिश्चन मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. पारदर्शक काचेचे कण साधारणतः एक मिलिमीटरच्या आसपास असतील, तेव्हा फुगणे सर्वाधिक होते. त्याहून बारीक होत गेल्यास ते कमी होत जाते, असे आढळले. क्रोमियममुळे हिरवा रंग आलेली काच त्या मानाने कमी फुगते, हेही दिसून आले. पिठासारखी, म्हणजे ७५ मायक्रॉनहून बारीक दळलेली काच फुगण्याऐवजी उलट काम करते. सिमेंट घट्ट होताना मोकळा होणारा चुना ती शोषून घेते आणि त्यापासून काँक्रीटला ताकद देणारे कॅल्शियम सिलिकेटचे बंध तयार होतात. अशा पदार्थांना पोझोलाना म्हणतात. विटांची भुकटी चुन्यात कालवून सुरखीचा पक्का गिलावा करणाऱ्या जुन्या गवंड्यांना हे तत्त्व अनुभवाने ठाऊक होते.

विरोधाभास वाटावा अशी ही बाब सोप्या शब्दांत अशी सांगता येईल : मोठा कण सावकाश आणि एकाच जागी अभिक्रिया करतो, तेव्हा काँक्रीट आधीच कडक झालेले असते, फुगणाऱ्या पदार्थाला जागा उरत नाही. पीठ मात्र सर्वत्र विखुरलेले असते. त्याची अभिक्रिया लवकर सुरू होते आणि भरपूर चुना मिळाल्याने न फुगणारा पदार्थ तयार होतो. अशा काँक्रीटची सुरुवातीची मजबुती मात्र थोडी मागे राहते आणि नंतरच्या आठवड्यांत वाढत जाते. त्यामुळे त्याला पाणी मारण्याचा कालावधी कमी करून चालत नाही.

येथे भिलाईची धातुमळी

अल्कली-सिलिका अभिक्रियेवरील उतारा आपल्याच मानकांत दिलेला आहे. काँक्रीटची मूलभूत भारतीय संहिता आय.एस. ४५६ हिच्या २००० च्या आवृत्तीत कमी अल्कलीच्या सिमेंटबरोबर किमान २० टक्के फ्लाय अ‍ॅश किंवा किमान ५० टक्के दाणेदार धातुमळी वापरल्यास अधिक संरक्षण मिळते, असे नमूद केले आहे. धातुमळी काँक्रीटमधील अल्कलीचे प्रमाण कमी करते आणि छिद्रे बुजवून आत शिरणारा ओलावाही रोखते. आजाराच्या तीन कारणांपैकी दोहोंवर ती एकाच वेळी घाव घालते.

म्हणून भिलाई-दुर्ग परिसरासारख्या ठिकाणी बाटलीच्या काचेचा विचार करणे अधिक सयुक्तिक ठरते. धातुमळी तेथील कारखान्यात आहे, फ्लाय अ‍ॅश औष्णिक वीज केंद्रांत आहे आणि दळण्याचे ज्ञान सिमेंट उद्योगाकडे आहे. मात्र एक खबरदारी आवश्यक आहे. आय.एस. ४५५ नुसार स्लॅग सिमेंटमधील धातुमळीचे प्रमाण २५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान कितीही असू शकते. गोणीवर ‘स्लॅग सिमेंट’ असे छापलेले आहे, एवढ्यावरून ते ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडते असे समजू नये. प्रत्यक्ष प्रमाण उत्पादकाकडून जाणून घ्यावे.

हिशेब काय सांगतो?

उदाहरणादाखल, एक घनमीटर काँक्रीटसाठी ३३० किलो सिमेंट लागते असे धरू. त्यातील २० टक्के जागा काचेच्या भुकटीला दिली, तर ६६ किलो काच लागेल. १०० चौरस मीटर पदपथावर ६० मिलिमीटर जाडीचे ठोकळे बसवायचे, तर ६ घनमीटर काँक्रीट लागते. म्हणजे सुमारे ४०० किलो काच. अर्धा किलोची एक बाटली धरल्यास सुमारे ८०० बाटल्या. एका वस्तीतील पदपथ आठशे बाटल्या पोटात घेतो आणि तेवढेच सिमेंट वाचवतो. एक टन क्लिंकर तयार होताना साधारणतः ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे लक्षात घेतल्यास या बचतीचे मोल कळते. अर्थात दळण्याची वीज आणि वाहतुकीचा खर्च त्यातून वजा करावा लागेल. काच शंभर किलोमीटर दूरवरून आणावी लागत असेल, तर हा हिशेब कोलमडतो. म्हणूनच काचेचे काँक्रीट ही स्थानिक योजना असली पाहिजे.

काच गोळा करणारे हात

प्रक्रिया कितीही शास्त्रशुद्ध असली, तरी तिची सुरुवात घरातील कचऱ्याच्या डब्यापाशी होते. काचेबरोबर येणारे इतर पदार्थ काँक्रीटला बाधक असतात. सरबत किंवा औषधाच्या बाटलीच्या तळाशी राहिलेली साखर सिमेंटचे घट्ट होणे लांबवते. अ‍ॅल्युमिनियमचे झाकण सिमेंटमधील अल्कलीशी संयोग पावून हायड्रोजन वायू सोडते आणि काँक्रीटमध्ये पोकळ्या निर्माण होतात. जुन्या दूरचित्रवाणी संचांच्या काचेत शिसे, तर नळीच्या दिव्यांत पारा असतो. या वस्तू वेगळ्याच ठेवल्या पाहिजेत. म्हणून वर्गीकरण आणि धुलाई या दोन पायऱ्या वगळता येत नाहीत.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. हे काम प्रत्यक्षात कसे उभे राहते, याचे उदाहरण छत्तीसगडमध्येच आहे. सरगुजा जिल्ह्यातील अंबिकापूर शहरात बचत गटांच्या चारशेहून अधिक महिलांनी घरोघरी कचरा गोळा करण्याची व तो अनेक प्रकारांत वेगळा करून विकण्याची व्यवस्था उभी केली आणि शहराची जुनी कचराभूमी बंद होऊन तेथे उद्यान झाले. काच हा अशा केंद्रांवरील सर्वांत कमी किमतीचा आणि सर्वांत जड माल असतो. जवळपास खरेदीदार निर्माण झाला, तर या महिलांच्या उत्पन्नात भर पडेल. त्याचबरोबर जाड हातमोजे, बूट, चष्मे आणि दळताना धूळ दाबण्याची सोय यांचा खर्च प्रकल्पाच्या हिशेबात पहिल्याच दिवशी धरला पाहिजे. काचेची धूळ स्फटिक वाळूच्या धुळीइतकी घातक नसली, तरी ती फुप्फुसांना निरुपद्रवी नाही.

आणखी एक क्रम ध्यानात ठेवावा. अखंड बाटली धुऊन पुन्हा भरणे हा तिचा सर्वोत्तम उपयोग. त्यानंतर काचेच्या भट्टीत पुन्हा वितळवणे; मिश्रणात दर १० टक्के फुटकी काच वाढवल्यास भट्टीचे इंधन सुमारे अडीच ते तीन टक्क्यांनी वाचते. या दोन्ही मार्गांनी न जाणारी फुटकी, रंगमिश्रित आणि दूरची काच हाच काँक्रीटचा खरा कच्चा माल होय.

मानकांची वाट

आय.एस. ३८३ या खडी-वाळूच्या मानकाच्या १९७० च्या आवृत्तीच्या शीर्षकातच ‘नैसर्गिक स्रोतांपासून’ हे शब्द होते. २०१६ च्या आवृत्तीतून ते गेले; लोह व पोलादाची धातुमळी, तांब्याची धातुमळी, जुन्या काँक्रीटची खडी यांना ठरावीक मर्यादेत मान्यता मिळाली. त्या यादीत काचेला मात्र स्थान मिळाले नाही. अमेरिकेत २०२० मध्ये दळलेल्या काचेसाठी ए.एस.टी.एम. सी १८६६ हे स्वतंत्र मानक आले. धातुमळीने १९५३ मध्ये ओलांडलेला उंबरठा काचेला भारतात अजून ओलांडायचा आहे.

तोपर्यंत मार्ग संयमाचा असावा. स्तंभ, तुळया, स्लॅब आणि पाण्याच्या टाक्या यांत काच वापरू नये. पदपथाचे ठोकळे, कडेचे दगड, बागेतील बाके, कुंपणाच्या भिंती अशा कामांत तिचे प्रयोग करावेत आणि तेही चाचणीनंतर. मसाल्याच्या पट्ट्या ८० अंश तापमानाच्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात १४ दिवस ठेवून त्यांची वाढ मोजण्याची जलद चाचणी प्रचलित आहे, वाढ ०.१० टक्क्याहून कमी असल्यास मिश्रण सामान्यतः निर्धोक समजले जाते. भिलाईत आय.आय.टी. आहे, छत्तीसगड स्वामी विवेकानंद तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, दुर्गला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. नगरपालिकेचा एक पदपथ आणि महाविद्यालयाची एक प्रयोगशाळा यांची पाच वर्षांची जोडी जमली, तर मानक तयार करणाऱ्यांच्या हाती स्थानिक हवामानातील विश्वसनीय नोंदी येतील.

समारोप

भट्टीतून निघणारी मळी एकेकाळी अडगळ होती. आज ती सिमेंटचा अविभाज्य भाग आहे. हा बदल घोषणेने झाला नाही. पाण्याचा फवारा, दळणयंत्र, मानक आणि शेजारचा ग्राहक यांनी तो घडवला. बाटलीच्या काचेलाही याच वाटेने जावे लागेल : घरात वेगळी करणे, स्वच्छ धुणे, पिठासारखी दळणे, धातुमळीची जोड देणे आणि चाचणीत उतरल्यावरच वापरणे. यातील एकही पायरी गाळली, तर काचेचे काँक्रीट म्हणजे कचरा भिंतीत लपवणे ठरेल. सर्व पायऱ्या पाळल्या, तर नदीतील थोडी वाळू, खाणीतील थोडी चुनखडी वाचेल आणि कचरा वेचणाऱ्या हातांना जखमेऐवजी मोबदला मिळेल.